तिसऱ्या रांगेतला प्रेक्षक

१० ऑगस्ट, रविवार

आज तिचा पहिला व्हिडिओ आला आणि मला तो आवडला. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढं जे लिहीन ते जळून लिहिलं असं माझं मलाच म्हणता येणार नाही.

माझ्या नवऱ्याचं, प्रेमचं, चॅनल दीड वर्षापासून चालू आहे. नाव ‘खुर्चीच्या मागं’. दिग्रसच्या स्टँडजवळ त्याचं डिश आणि सीसीटीव्हीचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगून आम्ही रेकॉर्डिंग करतो. अमेरिकेतले राजकीय कटाचे सिनेमे तो वऱ्हाडीत सांगतो. कुठला सिनेटर कुणाला विकला गेला, गुप्तहेर खात्यानं कुणाचा काटा काढला, राष्ट्राध्यक्षाच्या मागं कोण उभं आहे. शेवटी ताऱ्यांऐवजी कापसाची बोंडं देतो, पाचपैकी. चांगल्या सिनेम्याला साडेचार बोंडं, फालतूला अर्धं. हे सिनेमे दिग्रसमध्ये कोण बघणार, असं मी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला, “आपल्या पानठेल्यावरचा मानूस हेच बोलते ना दिवसभर. खरं वरून ठरते म्हनते. त्याले हे पिच्चर अमेरिकेपेक्षा जास्त समजतीन.” ते खरं निघालं.

सुरुवातीला त्यानं मला म्हटलं होतं, तू बोल माझ्यासोबत. मी नाही म्हटलं. माझा आवाज वर्गात ठीक आहे, फोनमध्ये चिरका येतो. त्यानं परत विचारलं नाही. मी दिवा धरते.

वैष्णवी गावंडे बँकेत अधिकारी म्हणून बदलून आली आहे. नेरची. दुकानात काही कामानं आली आणि प्रेमला ओळखलं. म्हणाली, “गोष्ट मस्त सांगता तुम्ही. पण पिच्चर चांगला काहून, वाईट काहून, हे सांगतच नाही. बोंडं कायच्या हिशोबानं देता?” प्रेम हसला, आणि पुढच्या रविवारी ती गादीसमोर बसलेली होती.

खाली कुणीतरी लिहिलंय, “जोडी जमली.” त्याला खूप अंगठे आले आहेत.

१३ ऑगस्ट

प्रेमनं निळा शर्ट घेतला. व्हिडिओत पांढरा फार चकाकतो म्हणे. दीड वर्ष पांढराच चकाकत होता.

१७ ऑगस्ट, रविवार

आजचा सिनेमा जुना होता. वॉशिंग्टनमध्ये एक चौकशी चालू आहे आणि एक बाई तिथं बसून प्रत्येकाचं बोलणं टाइप करते आहे. दुसऱ्या दिवशी छापील प्रतीत एक वाक्य नसतं. ती सिनेमाभर शोधते, वाक्य काढलं कुणी? सापडत नाही. शेवटी ती पुन्हा त्याच मशीनपुढं बसते. आमचे प्रेक्षक यावर भडकणार हे ठरलेलं. त्यांना शेवटी कुणीतरी बेड्यांत दिसायला पाहिजे.

शुक्रवारी भाकरी टाकता टाकता मी प्रेमला म्हटलं होतं, “वाक्य कुणी काढलं, हे सोडा. ते वाक्य होतं हे माहीत असलेली ती एकटीच उरली ना. ते जास्त भयंकर आहे.” तो जेवत होता. हूं म्हणाला.

आज रेकॉर्डिंगमध्ये तेच वाक्य तो बोलला. माझ्यापेक्षा चांगलं बोलला, मधे थांबून. वैष्णवी त्याच्याकडं बघतच राहिली. “प्रेमदादा, हे कुठून सुचलं तुम्हाले?” तो म्हणाला, “सुचलं आपलं.”

मी दिवा धरून उभी होते. तिचं ते बघणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. लग्न झालेल्या माणसाकडं असं बघतात का? शिकलेली बाई आहे, इतकं तर कळायला पाहिजे. दादा म्हणते वरून.

घरी आल्यावर मी न जेवता आडवी झाले. सासूबाई चंदाबाई आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत म्हणाल्या, ते इथं मराठीत लिहिते, “पोरी, पोटात दुखत असंल तर ओवा खा.” खाल्ला.

१९ ऑगस्ट

आज शाळेत तासिका नसताना स्टाफरूममध्ये बसून नवीन अकाउंट काढलं. मी तासिका तत्त्वावर नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळं मोकळा वेळ भरपूर. नाव दिलं ‘तिसऱ्या रांगेतला’. बाईचं नाव दिलं तर लोक वेगळ्याच गोष्टी लिहितात. टाइप करणाऱ्या बाईच्या व्हिडिओखाली मला आणखी जे म्हणायचं होतं ते लिहिलं. म्हणजे वैष्णवीनं त्यात जे म्हटलं ते अर्धंच कसं बरोबर आहे, ते. तिला शिस्तीत उत्तर दिलं. वाईट एक शब्द नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळा झाला. याडीकडं, म्हणजे आईकडं, तांड्यावर दोन दिवस जाऊन आले. भावसिंगमामाच्या बैलांना या वेळी फोम लावलेल्या झुली होत्या. परत आले तर रेकॉर्डिंग माझ्यावाचून झालेलं नव्हतं, दिव्यासाठी थांबले होते. बरं वाटलं.

सिनेमा नवीन. एका गव्हर्नरचं विमान पडतं. त्याची बायको मानते की पाडलं. ती पक्षातल्या माणसांच्या मागं लागते, एकेकाला उघडं पाडते, बघणाऱ्याचीही खात्री पटते. आणि शेवटी कळतं की एका मेकॅनिकनं एक बोल्ट घाईत बसवला होता. कट नव्हताच. वैष्णवीनं दोन बोंडं दिली. म्हणाली, हा सिनेमा डरपोक आहे, सरकारला सोडून देतो, सगळं खापर एका मेकॅनिकवर. बोलली चांगलं. नेहमीच चांगलं बोलते, मान थोडी तिरकी करून.

दिव्याचा स्टँड सरकवताना मी आपली पुटपुटले की त्या बाईला खुनी पाहिजेच आहे, खुनी सापडला तरच नवरा मोठा ठरतो. प्रेम माइकची वायर बघत होता. कुणाचं लक्ष नव्हतं.

२६ ऑगस्ट

‘तिसऱ्या रांगेतल्या’नं लिहिलं:

“हा सिनेमा सरकारला सोडत नाही, बघणाऱ्याला धरतो. आपल्याविरुद्ध कुणी कट करतंय ही कल्पना माणसाला सुखाची वाटते, कारण मग आपण कट करण्याच्या लायकीचे तरी ठरतो. त्या बाईला खुनी पाहिजे होता. तिच्या नवऱ्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं, हे तिला सहन होत नाही. माझ्याकडून चार बोंडं.”

लिहून झाल्यावर अंग हलकं झालं.

२९ ऑगस्ट

माझी कॉमेंट सगळ्यांत वर टाचून ठेवली आहे. कॉमेंट बघायचं काम वैष्णवीकडं आहे, तिनंच ठेवली असणार. शंभरावर लोक खाली भांडताहेत. कुणी म्हणतं दोन बोंडं, कुणी चार. एकानं लिहिलंय की तिसऱ्या रांगेतल्याला स्टुडिओत बोलवा.

सकाळी चहा घेताना प्रेमनं ती कॉमेंट मला वाचून दाखवली. दोनदा.

“काय डोकं हाये पाह्य या मानसाचं! अमरावतीचा प्रोफेसर असंल पाह्य. नाईतर पत्रकार.”

“असेल,” मी म्हटलं.

“आपल्याले असा मानूस पाहून राह्यला, रंजू. असा मानूस!”

त्याचा चेहरा इतका उजळला होता. लग्नाच्या आठ वर्षांत माझ्या एकाही बोलण्यावर तो असा उजळला नव्हता. मला त्या तिसऱ्या रांगेतल्याचा राग आला. मग आठवलं, तो कोण आहे ते. तरी राग गेला नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

वैष्णवी म्हणाली, पुढचा सिनेमा तिसऱ्या रांगेतल्याला निवडू देऊ. आणि वळून मला म्हणाली, “वहिनी, तुम्हाले कोनता आवडला असता?”

मी म्हटलं, मला कुठं वेळ असतो सिनेमे बघायला.

ती थोडी थांबली. “हो का?” म्हणाली.

बघा, कशी टोचून बोलते. तुला काय कळतंय, असंच म्हणायचं होतं तिला.

४ सप्टेंबर

प्रेम दारव्ह्याला कॅमेरे बसवायला गेला म्हणून सांगून सकाळी गेला. दुपारी बबिता, आमच्या शाळेतली, आजारी वडलांना नेरला भेटून आली आणि मला म्हणाली, “तुमच्या घरचे अन् ती बँकवाली बाई नेरच्या स्टँडवर चहा पिऊन राह्यले होते. मी हात केला, त्यायचं ध्यानच नव्हतं.”

मी हसले. म्हटलं, कामानं गेले असतील.

संध्याकाळी विचारलं, दारव्ह्याचं काम झालं का? “हाव, झालं,” म्हणाला. जेवला. भाजी चांगली झाली म्हणाला. वांग्याची होती, त्याला वांगं आवडत नाही.

५ सप्टेंबर

आज वर्गात एका पोरीनं विचारलं, मॅडम, गुप्त मतदान गुप्त काहून असते? मी तिला धडा पुन्हा वाचायला सांगितलं.

माझ्याकडं आता सगळं आहे. निळा शर्ट. ‘जोडी’. दादा म्हणून बघणं. टोचून विचारणं. दारव्हा सांगून नेर. वांग्याची भाजी. एकेक गोष्ट काही नाही, पण सगळ्या एका रेषेत ठेवल्या की स्पष्ट दिसतं. आंधळ्यालाही दिसेल.

मधल्या सुट्टीत लिहिलं. तिसऱ्या रांगेतल्याच्या नावानं. “पडद्यावरचे कट आम्हाला समजावून सांगणाऱ्या या दोघांचं एकमेकांशी काय चाललंय? आम्ही बघतो आहोत. नेरच्या स्टँडवर गाद्या टांगलेल्या नव्हत्या.”

पाठवलं. घंटा झाली, वर्गात गेले, स्थानिक स्वराज्य संस्था शिकवल्या. तास संपल्यावर येऊन पुसून टाकलं.

६ सप्टेंबर

पुसलेलं पुसलं गेलं नाही. कुणीतरी तेवढ्यात फोटो काढून घेतला होता. दिग्रसच्या प्रत्येक ग्रुपवर तो फिरतो आहे. शाळेच्या ग्रुपवरही. दुसरं कुणी लिहिलं असतं तर लोकांनी सोडून दिलं असतं. पण तिसऱ्या रांगेतला म्हणतो म्हणजे काहीतरी असणारच, असं सगळे म्हणताहेत. त्याच्या शब्दाला वजन आहे.

प्रेम घरी आला तो सरळ माझ्यासमोर बसला. “रंजू, मी नेरले गेलतो. वैष्णवीच्या वडलाच्या गावात म्हातारे लोकं पिच्चर पाहून काय म्हनतात, थे शूट करायले. चार जनं होतो आम्ही. बाकीचे दोघं मंगच्या बसनं आले.”

“मग दारव्हा काहून सांगितलं?”

“तिचं नाव काढलं का तुहं तोंड उतरते म्हनून.”

तो खरं बोलत होता. मला ते लगेच कळलं, म्हणून मला आणखी चीड आली. इतकं साधं कारण होतं तर आधीच कळायला पाहिजे होतं.

९ सप्टेंबर

आज भगवानराव गावंडे दुकानात आले. वैष्णवीचे वडील. नेरजवळ शेती आहे, टोपी, हातात कापडी पिशवी. मी गल्ल्यावर होते. प्रेम मागून धावत आला, खुर्ची दिली, पाणी दिलं. ते बसले नाहीत.

“बँकेत लोकं मुद्दाम तिच्या काउंटरवर येऊन राह्यले,” ते म्हणाले. “खातं नाई, पासबुक नाई. नुसते पाहाले येतात. एक जन मनला, मॅडम नेरचा चहा कसा असते.”

प्रेम काहीतरी बोलू लागला. त्यांनी हात वर केला आणि माझ्याकडं वळले.

“बाई, मी याह्यले नाई विचारत. तुमाले विचारतो. घर तुमचं हाये. तुमचा भरोसा हाये ना दोघायवर?”

मी त्यांच्याकडं बघितलं. माझ्या वडलांच्या वयाचे. डोळ्यांत राग नव्हता, नुसती वाट बघत होते.

“आहे, काका,” मी म्हटलं.

“मंग झालं. तुमी मनता तर मंग मले दुनियेचं काय.” त्यांनी पिशवीतून मुगाच्या शेंगा काढून गल्ल्यावर ठेवल्या. “पहिला तोडा हाये. घरी नेजा.”

ते गेल्यावर प्रेम म्हणाला, “तू लय मोठ्या मनाची हाय, रंजू.” मी शेंगा पिशवीत भरत होते. त्या संपेचनात.

१० सप्टेंबर

मुगाच्या शेंगा सासूबाईंनी उकडल्या. मी खाल्ल्या नाहीत.

१२ सप्टेंबर

वैष्णवी शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभी होती. स्कूटी लावून. मला म्हणाली, चला. आम्ही शाळेच्या मागं मैदानाच्या कठड्यावर बसलो.

“मले गव्हर्नरच्या पिच्चरपासूनच माहीत होतं,” ती म्हणाली.

मी काय माहीत होतं, असं विचारणार होते. विचारलं नाही.

“तुम्ही स्टँड सरकवताना बोलल्या होत्या, खुनी सापडला तरच नवरा मोठा ठरते. मी तिथंच बसली होती, वहिनी. दोन दिवसांनी तेच कॉमेंटमध्ये. मी म्हटलं, वा! मी ते वर लावलं. मले वाटलं आता ह्या स्वतः येतीन, म्हनतीन की मी आहे. वाट पाहत होती मी. सिनेमा निवडायचं बी तुम्हाले मुद्दाम विचारलं.”

“मला वाटलं तू टोचतेस.”

“टोचते?” ती उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला. मला वाटलं होतं ती चांगली वागेल, समजून घेईल, आणि मला आणखी लाज वाटेल. तसं झालं नाही. “माह्या बाबाले तुम्ही तोंडावर भरोसा आहे म्हनलं! आमच्या घरात चार दिवस कोनी नीट जेवलं नाही. अन् मले कायले? तुमचं वाक्य मी थोडी घेतलं होतं!”

कुठलं वाक्य, ते मला नीट कळलं नाही. कॉमेंटमधली सगळी वाक्यं तर माझीच होती, तिथं कुणी काय घेतलं? विचारायच्या आत ती स्कूटी काढून गेली. जाताना म्हणाली, “मी कोनाले सांगनार नाही. तुम्ही पाहा काय करायचं ते.”

मला वाटतं तिनं सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं.

१५ सप्टेंबर

प्रेमनं काल एकट्यानं व्हिडिओ टाकला. मला न दाखवता. त्यात त्यानं सगळं उलगडून दाखवलं आहे. तिसऱ्या रांगेतला हा बोरी अरबचा लखन पवार आहे म्हणे. लखनचं एक छोटं चॅनल आहे, तोही सिनेमे सांगतो. प्रेमचा हिशेब असा: लखननं आधी चांगल्या कॉमेंटी लिहून विश्वास कमावला, मग एक विषाची टाकली, म्हणजे आमचं चॅनल बुडेल आणि प्रेक्षक त्याच्याकडं जातील. पाच सप्टेंबरला लखन दिग्रसला होता, त्याचा फोटो आहे. त्याच्या एका व्हिडिओत ‘रांग’ हा शब्द आहे. प्रेमनं बाण काढून काढून दाखवलं.

लोक वेडे झालेत. आजवरचा सगळ्यांत जास्त बघितला गेलेला व्हिडिओ. “हा तर अमेरिकन पिच्चरच!” “पाच बोंडं!” लखनला तिथं येऊन शिव्या देताहेत. कुणीतरी त्याच्या घराचा पत्ता टाकला आहे.

मला सगळ्यांत जास्त काय लागलं ते लिहिते. प्रेमला ती चांगली कॉमेंटही आता कटाचा भाग वाटते. “थे लिवलंच होतं आपल्याले फसवाले,” म्हणाला. माझं एकुलतं चांगलं लिहिलेलं.

१६ सप्टेंबर

लखनच्या दुकानावर काल पोरांनी शेण फेकलं. त्याची बायको रडतेय असा व्हिडिओ आला आहे. मागं त्यांचं किराणा दुकान दिसतं, फळीवर बिस्किटांच्या बरण्या, त्यांवरून शेण ओघळतंय. कडेवर लेकरू आहे.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी शटर अर्धं ओढलं आणि प्रेमला सांगितलं.

आधी तो हसला. मग मी फोन काढून अकाउंट उघडून त्याच्यापुढं धरला. तो बराच वेळ वर सरकवत राहिला, खालपासून वरपर्यंत.

“थे गव्हर्नरच्या बायकोचं बी तूच लिवलं?”

“हो.”

“अन् थे टाइप करनाऱ्या बाईचं?”

“सगळं.”

मला वाटलं होतं तो नेरच्या कॉमेंटबद्दल बोलेल. ओरडेल. लखनचं काय, वैष्णवीचं काय, माझ्या इज्जतीचं काय. तो गल्ल्यावर टेकून उभा राहिला आणि त्याचा चेहरा अगदी उतरला.

“मले वाटलं होतं कोनीतरी मोठा मानूस पाहून राह्यला आपल्याले,” तो म्हणाला.

मी फोन त्याच्या हातातून घेतला.

थोड्या वेळानं त्यानं रिमोटचे सेल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकले आणि म्हणाला, “कोनाले सांगू नको. आपन म्हनू तिसऱ्या रांगेतल्याचं अकाउंट कोनीतरी हॅक केलतं. लखनले फोन करून मी माफी मागतो, आपसात. आठ दिवसांत लोकं इसरतात.”

“आणि वैष्णवी?”

“थे समजून घेईन.”

“तिनं का समजून घ्यायचं?”

“तुह्याच साठी सांगून राह्यलो ना मी!” तो पहिल्यांदा ओरडला. “लोकं तुले काय काय बोलतीन, मालूम हाये?”

मालूम होतं.

१७ सप्टेंबर

मागच्या खोलीत एकटी बसले. दिवा स्टँडवर लावला, धरायला कुणी नव्हतं. आवाज चिरका आला, येऊ दिला. म्हटलं, मी रंजिता राठोड. तिसऱ्या रांगेतली मी आहे. लखन पवारांचा याच्याशी संबंध नाही. वैष्णवी गावंडेबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं, मी जळून लिहिलं. बाकीच्या कॉमेंटी माझ्या आहेत आणि त्या कटाचा भाग नव्हत्या, त्या खऱ्या आहेत. गव्हर्नरच्या सिनेम्याला मी आजही चार बोंडं देते.

शेवटचं वाक्य काढून टाकावं असं खूप वाटलं. या वेळी कुणाला शोभतं ते! ठेवलं.

प्रेम दारात उभा राहून ऐकत होता. अडवलं नाही. चॅनलचा पासवर्ड त्यानंच दिला.

२० सप्टेंबर

प्रेमच्या अंदाजापेक्षा वाईट बोलले लोक. माझ्या तोंडावरून, जातीवरून, तांड्यावरून. पुष्कळांना तर राग याचा आला की कट निघालाच नाही. “एवढं पाहिलं अन् शेवटी बायकोच निघाली? फालतू. अर्धं बोंड.” काही जण अजूनही म्हणताहेत की लखननंच मला पैसे देऊन बोलायला लावलं.

मुख्याध्यापक म्हणाले, थोडे दिवस येऊ नका, शांत होऊ द्या. तासिकावाल्यांना काढून टाकावं लागत नाही, बोलावलं नाही की झालं.

वैष्णवीला फोन केला, तिनं उचलला नाही. संदेश टाकला. उत्तर आलं, “पाहिला.” एवढंच.

२३ सप्टेंबर

बोरी अरबला जाऊन आले. लखननं घरात घेतलं नाही, बाहेर ओट्यावर उभ्यानंच बोलला. त्याचा हक्कच आहे. त्याची बायको पाणी घेऊन आली. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की ही ती, जिच्यामुळं झालं. मी पाणी प्यायले आणि बसनं परत आले. प्रेम बरोबर आला होता. बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या सीटवर होतो, गर्दीच होती तशी. पण दारव्ह्याला माझ्याजवळची जागा रिकामी झाली तेव्हा तो उठून आला नाही.

५ ऑक्टोबर

दसरा गेला. सोयाबीन निघालं. मामाकडं दोन दिवस कामाला गेले होते, हात फुटलेत. सासूबाई याच काळात माझ्याशी सगळ्यांत नीट वागल्या. काही विचारलं नाही, मला हळदीचं दूध दिलं, आणि प्रेमला जेवायला वाढताना ताट थोडं आपटतात.

१२ ऑक्टोबर, रविवार

वैष्णवीनं स्वतःचं चॅनल सुरू केलं. यवतमाळला बदली करून घेतली आहे तिनं, मागं वेगळी भिंत दिसते, पुस्तकांची. पहिलाच व्हिडिओ बघितला. मी नावं ठेवायला बसले होते. एकही सापडलं नाही. ती आता मान तिरकी करत नाही, सरळ बघून बोलते. म्हणाली, कटाचे सिनेमे आपण कशावरून तोलतो, तर आपला संशय त्यांनी खरा ठरवला का यावरून. जो खोटा ठरवतो त्याच्यावर आपण चिडतो. हे मला सुचायला पाहिजे होतं. हे अगदी माझ्या तोंडाशी असल्यासारखं होतं. आवडलं, आणि दहा ऑगस्टसारखीच जळले.

खाली लिहिलं, माझ्या नावानं, “आवडला.” आणखी लिहिण्यासारखं खूप होतं, ते माझ्यापाशीच ठेवलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

चॅनल बंद नाही, पण महिनाभर त्यावर काही आलं नव्हतं. आज दुपारी प्रेमनं एक सिनेमा लावला. मी भिंतीला टेकून शेंगदाणे निवडत होते, मग निवडायचे राहिले. राष्ट्राध्यक्षाचा अंगरक्षक आणि त्याचा भाऊ, दोघं दोन बाजूंना. बरा होता. मधे लांबला.

संपल्यावर प्रेमनं फोन उताणा ठेवला. “काय वाटते तुले?” त्यानं विचारलं. सहज विचारल्यासारखं, पण तो माझ्याकडं बघत नव्हता.

मला खूप काही वाटत होतं. भावाच्या बायकोबद्दल तर पूर्ण एक वाक्य तयार होतं, चांगलं.

“तुम्ही सांगा आधी,” मी म्हटलं.

“मी?”

“हो. बोंडं किती आणि का.”

त्यानं फोन पालथा घातला. मग म्हणाला, “तीन देतो. त्या भावाले मारलं थे मले नाई आवडलं. म्हंजे… त्याचा गुन्हा होता, पन… भाऊ होता ना थो.” मला हे काही पटलं नाही. सिनेमा त्याबद्दल नव्हताच. पण हे त्याचं होतं, मी कधी म्हटलेलं नव्हतं.

“म्हंजे कसं सांगू,” तो म्हणाला, आणि अडखळला, आणि माझ्याकडं बघितलं.

मी वाक्य पुरवलं नाही.